शिंपल्यावरची नक्षी

अमेरिकेत ॲरिझोना नावाचा मुलूख आहे. तिथे ऊन फार, पाऊस थोडा. हजार वर्षांपूर्वी या मुलखात होहोकम लोक राहत होते. ते शेतकरी होते. नदीचे पाट काढून ते मका, घेवडा आणि कापूस पिकवीत. त्यांच्याजवळ लोखंड नव्हते. ओझे वाहायला बैल नव्हता, की घोडा नव्हता.

तरी हे लोक शिंपल्यांचे सुंदर दागिने करीत. समुद्र कित्येक दिवसांच्या वाटेवर. तिथले शिंपले माणसांच्या पाठीवरून गावात येत. मोठा शिंपला दगडावर घासायचा. घासून घासून मधला फुगीर भाग काढून टाकायचा. मग उरे ते गोल कडे. कड्यावर कोणी बेडूकही कोरी.

पण त्यांची खरी करामत पुढेच आहे. हत्यार न लावता ते शिंपल्यावर नक्षी उठवीत. ती कशी?

शिंपले भाजून चुना करतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शिंपल्यात चुन्याचाच अंश असतो. आंबट पदार्थ तो अंश खातो. शहाबादी फरशीवर लिंबू पिळून बघा. तिथे डाग पडतो. तसेच हे.

होहोकम कारागीर झाडाच्या चिकाने किंवा राळेने शिंपल्यावर चित्र काढी. मग शिंपला आंबट रसात ठेवी. हा रस सग्वारो नावाच्या उंच निवडुंगाच्या फळांचा, आंबवलेला असावा, असे जाणकार म्हणतात. उघडा भाग रस खाई. राळेखालचा भाग तसाच राही. राळ काढली, की सरडा किंवा साप वर उठून दिसे!

युरोपातले कारागीर तेजाबाने चिलखतावर नक्षी काढू लागले, ते पंधराव्या शतकात. होहोकमांना ही युक्ती त्याआधीच साधली होती.

एमिल हॉरी या संशोधकांनी १९३४-३५ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली स्नेकटाउन येथे होहोकमांचे गाव खणून काढले. तिथे असे दागिने सापडले. आज त्या भागात राहणारे ओओडाम लोक होहोकमांना आपले पूर्वज मानतात.

होहोकमांना लिहिता येत नव्हते. म्हणून ते अडाणी होते काय? मुळीच नाही! अक्षर नसले, तरी अक्कल असते. पण एक गोष्ट आम्हाला राहून राहून वाटते. नक्षी राहिली, नक्षी करणाराचे नाव मात्र राहिले नाही. ते लिहून ठेवायला अक्षर नव्हते.

आपल्याजवळ आता अक्षर आहे. आपल्या हातात काय कसब आहे, ते आपण लिहून ठेवू या. खाली आपले नावही घालू या.