शेत आधी, पाहुणे मग

1960 साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘गेस्टवर्ड हो!’ ही विनोदी मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कचे हूटन कुटुंब शहर सोडून न्यू मेक्सिकोत जाते आणि शहरी पाहुण्यांसाठी रँच चालवते, ही तिची गोष्ट. बार्बरा हूटन यांनी पॅट्रिक डेनिस यांच्यासोबत लिहिलेल्या अनुभवांवर ती बेतलेली होती. मालिका एकच हंगाम चालली, पण तिच्यामागचा व्यवसाय जुना आणि खरा होता. 1880 च्या दशकात डकोटात ईटन बंधूंच्या रँचवर ओळखीपाळखीचे इतके लोक मुक्कामाला येऊ लागले की पाहुण्यांनी स्वतःहून राहण्याखाण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. 1904 मध्ये ईटन वायोमिंगला गेले आणि 1926 मध्ये अशा रँचवाल्यांची संघटनाही उभी राहिली.

आपल्याकडे याचे भावंड पाहायचे तर नेरळला उतरावे. उल्हास नदीकाठची सगुणा बाग ही भडसावळे कुटुंबाची शेती. अमेरिकेत शिकून परतलेल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी 1980 च्या दशकात तिथे पाहुण्यांना बोलावले, तेव्हा ‘कृषी पर्यटन’ हे नावही आपल्याकडे रुळले नव्हते. मुंबईची मुले तिथे मासे धरतात, तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसतात, भाताचे खाचर जवळून बघतात.

पण बागेची खरी ओळख भातात आहे. भडसावळेंनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही टळतात. एकदा घातलेले गादीवाफे कायम ठेवायचे, लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्यामुळे सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळे परततात आणि लावणीच्या ऐन घाईत मजूर शोधत फिरावे लागत नाही. त्याच वाफ्यांवर भातानंतर वाल किंवा हरभरा घेता येतो.

नेरळ ज्यात येते तो कर्जत तालुका हा भाताचाच मुलूख. इथल्या संशोधन केंद्राने काढलेली भातवाणे कोकणभर पेरली जातात. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालव्याच्या काठी उन्हाळी भातही होतो. तरीही तुकड्यातुकड्यांच्या जमिनीवर नुसत्या भाताने घर चालत नाही. मुंबई-पुण्याच्या मधोमध असल्याने कर्जत-खालापुरात जमिनीला गिऱ्हाईक मात्र लगेच मिळते. एकदा शेत विकले की तिथे बंगला आणि कुंपण उभे राहते. पाहुण्यांकडून येणारा पैसा हा मोह रोखू शकतो, म्हणूनच मला या व्यवसायाचे मोल मोठे वाटते. राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही केंद्र काढायची वाट खुली केली.

या धंद्यातला सगळ्यात मोठा भार घरच्या बायका उचलतात. पहाटेच्या चहापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत चूल त्यांच्याच हाती असते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की त्या मडक्यात शिजवायची पोपटी लागते. भांबुर्डीचा पाला घालून मडके बंद करायचे, उपडे ठेवून भोवती जाळ करायचा, आणि शेंगा करपू न देता शिजवायच्या. हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. त्याचे पैसे त्या बाईच्या खात्यात जायला हवेत, आणि मदतीला येणाऱ्या ठाकर-कातकरी माणसांना वर्षभर काम मिळायला हवे.

मराठी मालिकेला यात भरपूर ऐवज आहे. शेत विकू पाहणारा भाऊ, राखू पाहणारी बहीण आणि दर शनिवारी नवी पात्रे दारात! खालापुरात चौक गावाजवळ नितीन देसाईंनी 2005 मध्ये उभारलेल्या स्टुडिओत इतिहासाचे किल्ले आणि महाल उभे राहिले. त्याच परिसरातल्या आजच्या शेतकरी घराचीही गोष्ट पडद्यावर यावी.

तोवर वाचकांच्या हाती एक गोष्ट आहे. सुट्टीचे आरक्षण करताना खोल्यांआधी विचारा, यंदा शेतात काय पेरले आहे? ज्या घरी या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तिथेच जा. तुमच्या पैशाने शेती टिकेल ती तिथेच.