व्हिसा नोकराचा, दोरी मालकाच्या हाती

संगणकाची पदवी हाती आली की आपल्याकडच्या अनेक घरांत अमेरिकेचा विषय निघतो. पुण्या-मुंबईच्या कंपनीत दोन-तीन वर्षे काढलेल्या मुलाला एच-१बी व्हिसा मिळाला म्हणजे घराचे दैव उघडले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हा व्हिसा कोण मागतो, त्याचा खर्च कोणी करायचा, त्यात नोकराचे हक्क कोणते, याची चौकशी मात्र फार थोडे लोक करतात. मग जो पैसा मागण्याचा कोणालाही अधिकार नाही, तो पैसा दागिने मोडून किंवा व्याजाचे कर्ज काढून एजंटाच्या हाती ठेवला जातो.

अमेरिकेने १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने हा व्हिसा सुरू केला. ज्या कामाला किमान पदवीचे विशेष ज्ञान लागते, अशा कामासाठी परदेशी माणूस तात्पुरता नेमता यावा, हा त्याचा हेतू. मुदत प्रथम तीन वर्षे आणि एकूण सहा वर्षे. दरवर्षी ६५,००० व्हिसांची मर्यादा घालण्यात आली. संगणक उद्योगाची मागणी वाढली तेव्हा ही मर्यादा १९९९ साठी १,१५,००० आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० करण्यात आली. २००४ मध्ये ती पुन्हा ६५,००० वर आली. नंतर अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागांची सोय झाली. मंजूर होणाऱ्या अर्जांत सर्वात मोठा वाटा भारतीयांचाच असतो.

कफीलची आठवण

या व्हिसासाठी नोकराला स्वतः अर्ज करता येत नाही, अर्ज कंपनीनेच करावा लागतो. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून माणसे आखातात गेली, त्यांना कफील म्हणजे काय हे सांगायला नको. एच-१बीची रचनाही काहीशी तशीच आहे. पासपोर्टवर नाव नोकराचे, पण व्हिसाचा आधार मालकाची नोकरी. नोकरी सुटली की २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा किंवा दुसरी कायदेशीर सोय करायची, नाहीतर बिऱ्हाड आवरायचे.

एक फरक मात्र मोठा आहे. २००० च्या कायद्यानुसार नव्या कंपनीने रीतसर अर्ज दाखल केला की एच-१बीवरील नोकर तिच्याकडे काम सुरू करू शकतो. त्यासाठी जुन्या मालकाची परवानगी लागत नाही. ज्याला हा नियम ठाऊक नाही, तो भीतीपोटी कमी पगारावर राबत राहतो.

कायद्याने दिलेले हक्क

त्या भागात त्या कामाचा जो प्रचलित पगार असेल, किंवा कंपनी तशाच कामाला इतरांना जो पगार देते, त्यांपैकी जो जास्त असेल तो देण्याचे कंपनीने अमेरिकेच्या श्रम खात्याला लिहून द्यावे लागते. कंपनीकडे काम नाही म्हणून नोकराला बिनपगारी बसवून ठेवता येत नाही. अर्जाची फी व वकिलाचा खर्च हा मालकाच्या धंद्याचा खर्च आहे. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड वसूल करण्यास मनाई आहे. मालकाने मुदतीआधी काढले, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च त्याने द्यायचा असतो. पगार बुडाला, तर एक वर्षाच्या आत श्रम खात्याकडे तक्रार करता येते.

माणसे आणून दुसऱ्या कंपन्यांना भाड्याने पुरवणारे ठेकेदार यातले बरेच नियम मोडतात. नोकर गप्प बसतो, कारण त्याचे अमेरिकेतले राहणेच त्या ठेकेदाराच्या कागदावर अवलंबून असते.

नशिबाचा भाग

कंपनीने नाव दिले म्हणजे व्हिसा मिळाला असेही नाही. २०२४ या आर्थिक वर्षासाठी ७ लाख ८० हजारांहून अधिक नोंदण्या झाल्या आणि निवड सोडतीने झाली. एकाच माणसासाठी अनेक कंपन्यांनी नावे दिल्याचे आढळल्यावर पुढील वर्षापासून माणूस एकदाच मोजण्याचा नियम आला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी एका वर्षाच्या मुदतीचा जाहीरनामा काढला आणि परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर लावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जास्त पगाराच्या जागांना सोडतीत जास्त संधी देणारा नियम जाहीर झाला. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला या दोन्हींचा फटका बसतो.

एका तोट्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पगारातून ६.२ टक्के रक्कम अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा निधीत जाते आणि तेवढीच मालक भरतो. पेन्शनचा हक्क मात्र साधारण दहा वर्षांच्या कामानंतर लागतो, आणि व्हिसा सहा वर्षांचा. जपान व अनेक युरोपीय देशांनी याबाबत अमेरिकेशी करार केले आहेत. भारताची ही मागणी जुनीच आहे. कायम वास्तव्याच्या परवान्यातही एका देशाला सुमारे सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे.

मदयनचा करार

कुरआनच्या सूरह कससमध्ये परमुलखात नोकरी करणाऱ्याचा एक करार आला आहे. मिसर सोडून मदयनला आलेल्या हजरत मूसा (अ.) यांना एका वृद्ध गृहस्थाने कामावर ठेवले. पात्रता दोनच: सामर्थ्य आणि विश्वासूपणा. मुदत आठ वर्षांची, दहा पूर्ण करणे मूसांच्या खुशीवर. मालकाने सक्ती करण्याचा हेतू नसल्याचे सांगितले, आणि कराराला साक्षी अल्लाह. म्हणजे मुदत आधी ठरलेली होती आणि ती वाढवण्याचा अधिकार कामगाराकडे होता. आजच्या व्हिसात मुदतवाढीचा अर्ज मालकाच्या मर्जीवर असतो, हा फरक लक्षात घ्यावा.

परदेशी जाऊन हलाल रोजी कमावण्यात गैर काहीच नाही. पण जाण्यापूर्वी नेमणूकपत्र आणि श्रम खात्याला दिलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी. त्यात पगार आणि कामाचे ठिकाण लिहिलेले असते. एच-१बी मिळवून देतो म्हणून जो पैसे मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे. ज्या कंपनीला खरोखर माणूस हवा आहे, ती त्याच्या अर्जाचा खर्च स्वतः करते.