वगळलेलं दार

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत डोंबिवलीतल्या जिन्यांवर संध्याकाळी बायकांची वर्दळ असते. नवी साडी, गजरा, हातात वाण. आमच्या मजल्यावर मात्र हळदीकुंकवाचं बोलावणं एक दार वगळून पुढे जायचं. तिथली बाई तेव्हा चौतिशीची. ठाण्याच्या कोर्टात घटस्फोट झालेला, मुलगी तिसरीत. 'तिलाच अवघड वाटेल,' असं आम्ही म्हणायचो. खरं तर अवघडलेल्या आम्हीच होतो. मीही त्यातलीच.

ती सकाळची लोकल पकडायची, रात्री मुलीचा अभ्यास घेऊन स्वतःचं अर्धवट राहिलेलं बी. ए. बाहेरून करायची. 'सावरली हो!' मजल्याने निकाल देऊन टाकला. एकदा गॅलरीत कपडे काढताना ती मला म्हणाली, ''वहिनी, त्यांच्या वाढदिवसाला मला अजून गलबलतं. मग मी सावरले की नाही?''

मला काही बोलता आलं नाही. पुढे डॉ. रखमाबाईंविषयी वाचताना तिचा प्रश्न पुन्हा आठवला.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून १८८४मध्ये त्याने मुंबईत खटला भरला. ४ मार्च १८८७ रोजी कोर्टाने सांगितलं, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल! अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हिंदू बाईला घटस्फोट मागण्याची कायद्यात सोयच नव्हती. पुढल्या वर्षी त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या आणि परतल्यावर सुरत, राजकोट इथे सुमारे पस्तीस वर्षं बायकांवर उपचार करीत राहिल्या.

त्या निकालाच्या सहाच दिवस आधी डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या होत्या. आपल्या कल्याणच्या. चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या या मुलीने त्या दुःखातूनच डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. पदवी मिळाली, पण आयुष्य बाविसाव्या वर्षापूर्वीच संपलं. रखमाबाईंना नव्वद वर्षांचं आयुष्य लाभलं. त्या सप्टेंबर १९५५मध्ये गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा होऊन देशभर घटस्फोटाची तरतूद झाली होती.

पण मी अडखळले ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. १९०४मध्ये दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्याच्या घरात पाऊल टाकण्यापेक्षा तुरुंग पत्करला, त्याच्यासाठी! कुणी याला रूढीपुढची माघार म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या पांढऱ्या लुगड्यातही त्यांचा दवाखाना चालूच राहिला, एवढं खरं.

मी हे सगळं शेजारणीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''म्हणजे दोन्ही चालतं तर.''

पुढल्या संक्रांतीला मी तिची बेल वाजवली. ''शनिवारी हळदीकुंकू आहे, ये.''

''येते. पण आठनंतर हं, वहिनी,'' ती म्हणाली. ''परीक्षा जवळ आलीय. माझी.''