कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा उगम : जनुकक्रमावरून शोध

प्रस्तावना

१८ फेब्रुवारी २००६ रोजी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांना एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची बाधा झाल्याचे जाहीर झाले. भारतातील पाळीव कोंबड्यांमध्ये नोंदला गेलेला हा पहिला उद्रेक होता. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यानंतर जुलै २००७ मध्ये मणिपूर आणि जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगाल येथे हाच रोग पुन्हा आढळला.

नवापूरचाच विषाणू कुठेतरी टिकून राहिला होता, की दर वेळी नवा विषाणू बाहेरून आला? पहिली शक्यता खरी असेल, तर कोंबड्या नष्ट करण्याचे काम अपुरे पडले असे मानावे लागेल. दुसरी खरी असेल, तर तो ज्या वाटांनी आत आला त्यांवर लक्ष द्यावे लागेल. लक्षणे सारखीच असल्याने आजारी कोंबडी पाहून यातला फरक कळत नाही. तो विषाणूच्या जनुकक्रमात सापडतो.

१. नक्कल करतानाच्या चुका

इन्फ्लुएन्झा विषाणूचा जनुकसंच आरएनएचा असतो. त्याची नक्कल करणारे विकर झालेल्या चुका तपासून दुरुस्त करत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत काही बदल साठत जातात. हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे जनुक सुमारे १,७०० अक्षरांचे आहे. एच५एन१ मध्ये त्यात वर्षाला साधारण सात-आठ बदल टिकून राहतात. म्हणून दोन नमुन्यांतील फरक मोजला, की त्यांचा समान पूर्वज अंदाजे किती काळापूर्वीचा असावा याचा हिशेब मांडता येतो. या पद्धतीला रेणवीय घड्याळ म्हणतात.

२. आठ तुकडे, आठ वंशावळी

हा जनुकसंच अखंड नसून आठ खंडांत विभागलेला असतो. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, तर बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूत दोघांचे खंड मिसळलेले असू शकतात. याला पुनर्मिश्रण म्हणतात. त्यामुळे विषाणूचा उगम शोधताना प्रत्येक खंडाची वंशावळ स्वतंत्रपणे मांडावी लागते.

हाँगकाँगमधील १९९७ चा उद्रेक हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे १८ माणसांना लागण झाली, त्यांपैकी ६ दगावली. त्या विषाणूचे हिमॅग्लुटिनिन जनुक १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील हंसात सापडलेल्या विषाणूच्या वंशातले होते. इतर खंड मात्र लाव्यातील एच९एन२ आणि टील बदकातील एच६एन१ या विषाणूंशी जुळले. केवळ हिमॅग्लुटिनिन पाहिले असते, तर त्या कहाणीचा एकच भाग कळला असता.

३. वंशवृक्ष कसा वाचायचा?

उद्रेकाच्या ठिकाणी पक्ष्यांच्या श्वासनलिकेतून व अवस्करातून नमुने घेतात. विषाणूचा जनुकक्रम वाचून तो आंतरराष्ट्रीय संग्रहांतील क्रमांशी ताडून पाहतात आणि साम्य-भेदांवरून वंशवृक्ष तयार करतात. नवापूरचा विषाणू या वृक्षाच्या २.२ या शाखेवर बसला. ग्वांगडाँगच्या हंसातील विषाणूपासून निघालेली ही शाखा २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो वन्य पक्षी मेले तेव्हा ठळकपणे पुढे आली. पुढे ती युरोप आणि आफ्रिकेपर्यंत पसरली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवापूरचाच विषाणू टिकून राहिला असता, तर मणिपूरचा नमुना नवापूरच्या फांदीतूनच फुटलेला दिसला असता आणि त्यात मधल्या दीड वर्षाइतके बदल आढळले असते. तो बाहेरून आला असेल, तर वेगळ्या फांदीवर बसेल आणि दोघांचा समान पूर्वज नवापूरच्या उद्रेकाआधीचा निघेल.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील संशोधकांचा २००८-०९ च्या विषाणूंवरील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही वेळचे विषाणू २.२ याच शाखेतले असले, तरी २००८-०९ चे विषाणू हा भारतातील तिसरा स्वतंत्र प्रवेश असल्याचे त्यात दिसले. मात्र या तिसऱ्या प्रवेशानंतर विषाणू येथेच मुरला असण्याची शक्यताही त्यात मांडली आहे. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नातील दोन्ही शक्यतांकडे लक्ष देणे भाग होते.

४. मर्यादा

वंशवृक्ष नाते सांगतो, वाट सांगत नाही. वन्य पक्षी, पिल्लांची वाहतूक, अंड्यांचे ट्रे की गाडीच्या चाकांना लागलेली विष्ठा, यांपैकी विषाणू कशातून आला हे ठरवण्यासाठी खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि स्थलांतराचा काळ तपासावा लागतो. शिवाय ज्या प्रदेशातून नमुनेच गोळा झालेले नाहीत, तेथील विषाणू वृक्षावर दिसत नाही. अशा वेळी जवळचा वाटणारा नातेवाईक प्रत्यक्षात दूरचा असू शकतो.

सारांश

बदलांची संख्या विषाणूचा काळ सुचवते, आठ खंड त्याचे मिश्र मूळ दाखवतात आणि वृक्षावरील जागा जुना उद्रेक व नवा प्रवेश यांत भेद करते. या माहितीला शेतावरच्या नोंदींची जोड मिळाली, तरच पुढचा उद्रेक रोखण्यासाठी ती उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. फक्त हिमॅग्लुटिनिनचा वंशवृक्ष पाहून उगम ठरवण्यात कोणता धोका आहे?
२. एकाच जिल्ह्यातील दोन शेतांवरचे विषाणू वृक्षाच्या दूरदूरच्या फांद्यांवर बसले, तर त्यातून कोणता निष्कर्ष निघतो?