समजून घ्या : आकड्यांच्या तक्त्यातून सह्याद्री उभा राहतो कसा? आणि चित्र फसवतं कुठे?

कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर. ही तिन्ही ठिकाणं एकाच फाइलमध्ये आहेत आणि ती फाइल कुणालाही मोफत मिळते. उघडली की मात्र ना डोंगर दिसतो, ना घाट. दिसतात ते नुसते आकडे, १ कोटी २९ लाखांहून जास्त.

हे आकडे आले कुठून?

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने जमिनीची उंची मोजली. ‘एसआरटीएम’ नावाच्या या मोहिमेचा डेटा एक अंश बाय एक अंशाच्या चौकोनांत मिळतो. १९ ते २० उत्तर अक्षांश आणि ७३ ते ७४ पूर्व रेखांश हा आपला चौकोन. त्यात ३,६०१ ओळी आणि ३,६०१ स्तंभ, म्हणजे साधारण दर ३० मीटरवर एक उंची. यालाच ग्रिड म्हणतात.

‘मॅटलॅब’ किंवा मोफत मिळणाऱ्या ‘ऑक्टेव्ह’मध्ये ही ग्रिड ‘सर्फ’ या कमांडला दिली की शेजारच्या चार ठिपक्यांमध्ये एक छोटा तुकडा ताणला जातो आणि उंचीप्रमाणे त्याला रंग मिळतो. तुकड्याला तुकडा जोडून डोंगररांग तयार. काम एका ओळीचं. गोंधळ त्यानंतर सुरू होतो.

भीमाशंकर उत्तरेला?

फाइलची पहिली ओळ उत्तरेकडची असते, ‘सर्फ’ ती दक्षिणेच्या जागी मांडतं. ओळी उलटवल्या नाहीत तर भीमाशंकर कळसूबाईच्या वर जातं. जुन्या आवृत्तीत रडारला न दिसलेल्या जागी उणे ३२,७६८ हा आकडा असतो. तो काढला नाही, तर सह्याद्रीत ३२ किलोमीटर खोल विहीर पडते! हे निदान लगेच डोळ्यांत भरतं. पायथनच्या ‘मॅटप्लॉटलिब’ची खोड मात्र लक्षात येत नाही. त्रिमितीय पृष्ठभाग काढताना ते प्रत्येक दिशेला जास्तीत जास्त ५० ठिपके घेतं. सेटिंग बदललं नाही तर दोन किलोमीटरमागे एकच उंची उरते आणि कळसूबाईचं टोक गायब होऊ शकतं.

उताराचा प्रश्न

हा चौकोन १०० किलोमीटरहून रुंद आहे आणि कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. खऱ्या प्रमाणात काढलं तर चित्र जवळपास सपाट दिसेल. म्हणून सॉफ्टवेअर उभा अक्ष ताणतं आणि साधी टेकडीही कड्यासारखी भासते. चित्रावरून उतार ठरवू नये, तो आकड्यांवरून काढावा. तिथेही एकक सांभाळावं लागतं. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये ठेवली, तर ३० मीटरमागे एक मीटर चढणारं शेत, ज्याचा खरा उतार दोन अंशांचाही नाही, ते जवळपास ९० अंशांची भिंत ठरतं.

ही चूक किरकोळ नाही. माळीण याच चौकोनात आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर गावावर कोसळला आणि दीडशेहून अधिक जणांचा जीव गेला. दरडीचा धोका असलेल्या जागा शोधताना उतार हा पहिल्या निकषांपैकी एक असतो आणि तो अशाच ग्रिडमधून काढला जातो.

ग्रिडच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. दाट जंगलात रडारने मोजलेली उंची जमिनीची नव्हे, बरीचशी झाडांच्या शेंड्यांची असते. ३० मीटरपेक्षा लहान कपार तिला दिसत नाही. शिवाय मोजणी २००० सालची. त्यामुळे या फाइलमधून माळीणचा डोंगर आज कुणी पडद्यावर उभा केला, तरी तो दरड कोसळण्याआधीचाच असतो.