शाळेच्या दारातून गुपचूप निघून जाणं महागात का पडतं?

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. २०२५ मध्ये राज्यात शाळा १६ जूनला सुरू झाल्या, विदर्भात २३ जूनला. त्या दिवसांत बडनेऱ्यातल्या केजीच्या किंवा अंगणवाडीच्या दारात उभं राहा. आईची ओढणी न सोडणारं लेकरू दिसेल, "काहून रडते रे?" म्हणणारी आजी दिसेल आणि "त्याचं लक्ष नाही तोवर निघून जा" असा सल्ला देणारं कुणीतरी असेलच.

हा सल्ला ऐकू नका. आई कायमची गेली नाही, हे तीन-चार वर्षांच्या मुलाला समजतं. ती कधी येणार, हे समजत नाही. खेळता खेळता मान वळवली आणि आई गायब, असं एकदा झालं की दुसऱ्या दिवशी ते खेळायला बसतच नाही, दारावर पहारा देतं. त्यामुळे रडलं तरी चालेल, सांगूनच निघा. निरोप मात्र छोटा हवा. "बारा वाजता येते" याचा त्याला उपयोग नाही. "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी दारात" हे कळतं. बाबांची रेल्वेत ड्यूटी असेल आणि घ्यायला आजोबा येणार असतील, तर तसंच सांगा.

अजून एक साधी गोष्ट. घरी वऱ्हाडी आणि शाळेत इंग्रजी असेल, तर शू किंवा पाणी हवं असताना मूल कोणता शब्द वापरतं, ते बाईंना आधीच सांगून ठेवा. शाळेत चड्डी ओली झाली, या लाजेपायीही मुलं शाळा नको म्हणतात.

ओळखीच्या जागेचं महत्त्व लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी ओळखलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपल्याला अंगण शाळेत नेता येणार नाही, पण शाळा सुरू होण्याआधी एकदा मुलाला तिथला घसरगुंडीचा कोपरा, पाण्याची टाकी, संडास दाखवून आणता येतं.

बरीच मुलं पालक गेल्यावर थोड्याच वेळात शांत होतात. खरं काय ते बाईंना विचारा. महिना उलटूनही रडणं थांबलं नाही, जेवण-झोप बिघडली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.