डॉक्टर, आमचा कॉम्प्युटर वाचेल का?

बालमित्रांनो, 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. चकलीचा पहिला तुकडा तोंडात टाकतोय, तोच दहावीतली भाची म्हणाली, "मामा, तूच सांग ना आईला! नवीन कॉम्प्युटर घ्यायलाच हवा. आमचा डबा सुरू व्हायला पाच मिनिटं लावतो!"

बहिणीचा चेहरा उतरला. "दुकानदारही तेच म्हणाला. भंगार झालाय, नवाच घ्या. म्हणजे पोस्टातली आरडी मोडायची. ती हिच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलीय रे दादा."

मी म्हटलं, "आरडी राहू दे. आधी पेशंट तपासू या."

मित्रांनो, कॉम्प्युटर म्हणजे तुमची अभ्यासाची खोलीच समजा. प्रोसेसर म्हणजे अभ्यास करणारे तुम्ही. रॅम म्हणजे तुमचं टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे पुस्तकांचं कपाट. टेबल लहान असेल तर काय होतं? भूगोलाची वही काढायची, तर गणिताचं पुस्तक आधी कपाटात ठेवावं लागतं. त्यात कपाटाचं दार करकरत उघडत असेल, तर सारा वेळ उठण्या-बसण्यातच जायचा. यात तुमच्या हुशारीचा काय दोष?

आमचा पेशंट 2014 साली घेतलेला. चौथ्या पिढीचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्ड डिस्क. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स'वर गेलं की कोण किती राबतंय ते दिसतं. भाचीने नेहमीचं काम सुरू केलं. प्रोसेसर 20 टक्क्यांच्या आसपास निवांत होता, रॅम जवळजवळ भरलेली, आणि डिस्क? थेट 100 टक्के!

"म्हणजे अभ्यास करणारा मुलगा ठणठणीत आहे. कपाट आणि टेबल बदला!" भाचीनेच निदान केलं.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. घरच्या कॉम्प्युटरमध्ये साधारणपणे मिनिटाला 7200 वेळा. माहिती शोधायला एक बारीक दांडी तिच्यावर मागे-पुढे होते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये. म्हणून जुन्या यंत्रातही ती बसवली की फरक लगेच जाणवतो. आम्ही साधी साटा जोडणीची एसएसडी आणि आणखी 4 जीबी रॅम घेतली. दोन्हींचा खर्च नव्या कॉम्प्युटरच्या पाव किमतीइतकाही झाला नाही.

पण एक खोच आहे बरं का! जुन्या यंत्राची डीडीआर 3 रॅम पुढच्या पिढीच्या यंत्रात बसत नाही. तिची खाचच वेगळ्या जागी असते. साटा एसएसडी मात्र पुढे नव्या डेस्कटॉपमध्ये सहसा वापरता येते. त्यामुळे पैसे थोडे असतील, तर जी वस्तू पुढेही सोबत येईल ती आधी घ्यावी.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नव्या व्हायरसविरुद्धचे सुरक्षेचे ठिगळ मिळत नाहीत. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना मुदत मिळाली, तीही ऑक्टोबर 2026 पर्यंतच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवं आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचा तर चौथीतच!

असे पेच पूर्वीही पडत. 24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 आली, तेव्हा तिला निदान 4 एमबी रॅम लागे. आजच्या 4 जीबीचा तो हजारावा भाग, पण तेवढीही अनेकांकडे नव्हती!

मग आम्ही लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं. प्रोजेक्ट लिहिणं, धडे पाहणं, पायथन शिकणं, सगळं त्यावर होतं. पण खरं सांगायचं तर भाचीचा एक आवडता गेम त्यावर चालेना, आणि शाळेतून आलेल्या वर्डच्या फाइलमधला तक्ता कधी कधी विस्कटतो. ती थोडी खट्टू झाली. आरडी मात्र शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी आपला कॉम्प्युटर आणला. उघडून पाहतो तो मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, आणि रॅम 2 जीबीच्या पुढे वाढतच नव्हती. मी हात जोडले. "काका, याच्यावर पैसा घालू नका. नवाच बघा." दुकानदाराचा सल्ला नेहमीच चुकीचा नसतो. पण तपासल्यावाचून दिलेला सल्ला नको.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या घरी हा प्रश्न आला तर एवढं करा. आधी फोटो आणि गृहपाठ पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. कॉम्प्युटर कशासाठी हवा, ते कागदावर लिहा. दुखणं कुठे आहे ते बघा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल किंवा मदरबोर्डच गेला असेल, तर मोह सोडा. डबा उघडायचा तर प्लग काढून आणि मोठ्यांना सोबत घेऊनच. आणि निरोप द्यायचाच असेल, तर आतली माहिती पुसून तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. तारा जाळून तांबं काढलं की विषारी धूर होतो.

परवा भाचीचा फोन आला. "मामा, डबा आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो!"

मी विचारलं, "मग नवीन कधी घ्यायचा?"

"अकरावीचा प्रवेश झाल्यावर बघू. घाई काय आहे?"